पनवेलला मुक्काम

पनवेलला कुणी जात नाही, पनवेलवरून जातात. लहानपणी कोकणात जाताना एसटीचा कंडक्टर "दहा मिनिटं थांबेल" असं ओरडायचा, तेवढीच आमची या गावाशी ओळख. एक वडापाव, आणि गाडी सुटेल या धास्तीने अर्धा टाकलेला चहा. यंदा डहाणूहून गोव्यापर्यंत रमतगमत जायचं ठरवलं, तेव्हा पहिला मोठा मुक्काम मुद्दाम पनवेल तालुक्यात टाकला. माझ्या या भटकंतीला अटी होत्या तीनच: सकाळी पडेल ते काम करायचं, दुपारनंतर हिंडायचं आणि जेवणाचे पैसे आपले आपण द्यायचे.

वाटेवरचं गाव असणं हे पनवेलचं जुनंच नशीब. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलच्या खाडीत यायचा आणि पुढे पालखी नाहीतर घोडं करून बोरघाट चढायचा. १८३० मध्ये घाटात गाडीरस्ता झाला. गावात वस्ती, पेढ्या, देवळं होतीच. बेने इस्रायलींचं बेथ एल सिनेगॉग १८४९ चं. १८५२ मध्ये नगरपालिकाही आली. मग १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली ती कर्जतवरून, आणि पुण्याच्या प्रवाशाने पनवेलच्या खाडीकडे पाठ फिरवली. गाव मात्र बसलं नाही. १८७२ पासून इथे धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधं बनू लागली. आता महापालिका आहे, उंच इमारती आहेत, आणि थांबायला कुणाला वेळ नाही ते नाहीच.

मला जायचं होतं ताऱ्याला. पळस्पे फाटा, शिरढोण, मग कर्नाळ्याची खिंड, आणि ती उतरली की गोवा महामार्गालगतच तारा गाव. इथे युसूफ मेहेरअली सेंटरचा परिसर आहे. मेहेरअली १९४२ मध्ये मुंबईचे महापौर होते. 'सायमन गो बॅक' आणि 'क्विट इंडिया' या दोन्ही घोषणांचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९५० मध्ये, पन्नाशीही न गाठता ते गेले. त्यांच्या नावाने १९६१ मध्ये सेंटर उभं केलं ते डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या समाजवादी मित्रांनी. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगात गेलेल्या डॉक्टरांनी चळवळीतलं पुढचं काम म्हणून दवाखाना, शाळा, तेलघाणी, साबण, कुंभारकाम असली कामं धरली. शंभर वर्षांचं आयुष्य लाभलं त्यांना. २०२५ च्या गांधीजयंतीला ते गेले.

मनात होतं, आपण मुलांना इंग्रजी शिकवावं. सुदैवाने तो बेत माझा मलाच पटेना. आठ दिवसांचा पाहुणा शिकवून निघून जातो आणि मुलं पुन्हा पहिल्या धड्यावर येतात. त्यात समाधान पाहुण्याचं आणि तोटा मुलांचा. ज्या कामात आपण अडाणी आणि समोरचा जाणता, तेच काम पाहुण्याने मागावं. मला मिळालं रोपवाटिकेतलं: पिशव्या भरणं.

माती, वाळू आणि शेणखत चाळून ढीग केलेला. काळी पिशवी दोन बोटांनी उघडायची, मिश्रण भरायचं, जमिनीवर हलकेच आपटायची, पुन्हा भरायची. यात काय एवढं, असं मला वाटलं. शेजारी बसलेल्या कातकरी मावशींनी माझी पिशवी उचलली, अंगठ्याने कडेला दाबली, तर बोट आत गेलं. "पोकळ राहिली दादा. पाणी घातलं की बसंल नि रोप कलंडंल." त्यांनी सगळी ओतून पुन्हा भरली. माझी एक होईपर्यंत त्यांच्या तीन व्हायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी पिशवी दाबून पाहिली आणि काही न बोलता रांगेत ठेवली. प्रवासात मिळालेलं एवढं मोठं प्रशस्तिपत्र दुसरं नाही.

फिरणं आणि राबणं ही जोडी आपल्याकडे नवी नाहीच. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. भूदानासाठी देश पायी तुडवणारे विनोबा इथून जवळच्या, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. तिकडे पिएर सेरेसोल या स्विस माणसाने १९२० मध्ये व्हर्दूनजवळचं युद्धात उद्ध्वस्त झालेलं गाव उभं करायला देशोदेशीचे स्वयंसेवक जमवले, आणि १९३४ च्या भूकंपानंतर तोच माणूस बिहारमध्ये येऊन राबला.

दुपारी मी कर्नाळ्याकडे वळायचो. अभयारण्याची वाट चढून गेलं की किल्ल्याचा तो सुप्रसिद्ध सुळका समोर येतो, मूठ मिटून अंगठा वर केल्यासारखा. त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी, वर कड्याला लटकलेली आग्या मोहोळं. त्यामुळे इथे आवाज चढवायचा नाही. खालून खाडीपासून घाटाकडे जाणारी वाट जाते, आणि ती ज्याच्या नजरेत त्याच्या हातात जकात. म्हणून निजामशाहीपासून पोर्तुगीजांपर्यंत सगळ्यांना हा किल्ला हवा होता. शिवाजी महाराजांनी तो घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत जिंकला. १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा इथले किल्लेदार होते अनंतराव फडके. त्यांचा नातू वासुदेव बळवंत, १८४५ मध्ये खाली शिरढोणला जन्मलेला.

पहिल्या दिवशी शिरढोण एसटीच्या खिडकीतून निसटलं होतं. सहाव्या दिवशी तिथे मुद्दाम गेलो. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करणाऱ्या या माणसाने १८७९ मध्ये रामोशांना सोबत घेऊन बंड केलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी दूर एडनच्या तुरुंगात देह ठेवला. फडक्यांच्या वाड्यापाशी उभं राहिलं की झाडांवरून कर्नाळ्याकडे नजर जाते. आजोबांच्या हातून गेलेला किल्ला लहानपणी रोज समोर असेल, तर कारकुनीत मन कसं रमावं?

निघायच्या सकाळी मावशींनी विचारलं, "पावसात येशील का लावायला?"

मला उत्तर देता येईना. पिशव्या उन्हाळ्याआधी भरायच्या, बी रुजवायचं, आणि पाऊस पडला की रोपं खड्ड्यात जायची. मी अर्धंच काम केलं होतं, सोपं अर्धं. ताऱ्याच्या फाट्यावर एसटीला हात केला. खिडकीशी बसून वही काढली आणि जूनच्या पानावर लिहिलं: तारा, खड्डे.