भेटीचे गणपती

सरकारी माणसाला निरोप देताना आपल्याकडे तीन वस्तू ठरलेल्या असतात: शाल, श्रीफळ आणि गणपती. शाल पुढच्या कुणाच्या तरी सत्काराला कामी येते. नारळाची चटणी होते. गणपती तेवढा राहतो.

गणपतीच का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये भेटवस्तू घेण्यावर बंधनं आहेत, पण गणपतीला लाच म्हणायची कुणाची छाती होत नाही. तो शंभर रुपयांतही मिळतो आणि पाच हजारांतही, त्यामुळे वर्गणी कितीही जमली तरी बसतो. घेणाऱ्याची आवडनिवड माहीत नसली तरी अडत नाही. आणि समोरच्याला तो नाकारता येत नाही.

मी एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत मुख्यसेविका होते, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई. नोकरीला लागले तेव्हा आमचा भाग धुळे जिल्ह्यात होता. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. पुढे तळोदा, मोलगी, धडगाव, नवापूर अशा बदल्या होत राहिल्या. प्रत्येक बदलीला निरोप समारंभ आणि प्रत्येक समारंभाला गणपती. वाढदिवस, वास्तुशांत, मुलाचं लग्न हे वेगळंच.

पगडीवाला, लोडाला टेकून पुस्तक वाचणारा, तबला वाजवणारा, खालून निळा दिवा लागणाऱ्या काचेच्या ठोकळ्यातला, घड्याळाच्या पोटात बसलेला, दोन्ही बाजूंना पेनं खोचायला भोकं असलेला. एकदा टेबलावर दोन गणपती दिसले की तिसरा आणणारा म्हणतो, "मॅडमना गणपतीची आवड आहे." मी असं कधी म्हटलं नव्हतं. आवड नाही, असंही कधी म्हटलं नाही.

त्यात आमचं नंदुरबार मूर्तींचं गाव. इथल्या कारखान्यांतून गणेशमूर्ती गुजरातेत आणि मध्य प्रदेशात जातात. शहरातले मानाचे दादा गणपती आणि बाबा गणपती मातीचे. विसर्जनाच्या मिरवणुकीत जळका बाजारात दोघांचे रथ समोरासमोर येतात, त्याला हरिहर भेट म्हणतात. ती पाहायला माणूस माणसाला चिकटून उभा राहतो. मग दोघेही पाण्यात जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा मातीतून घडतात. येणं जितकं थाटाचं तितकंच जाणंही.

कपाटातल्या गणपतींची अशी काही सोय नाही. त्यांची प्राणप्रतिष्ठा झालेली नसते, म्हणून उत्तरपूजा नाही आणि विसर्जनही नाही. तसं बघितलं तर त्या शोभेच्या वस्तू. पण शोभेची वस्तू म्हणून घंटागाडीत टाकायला हात धजत नाही. म्हणूनच नदीकाठी आणि पिंपळाच्या पारावर लोक जुन्या तसबिरी, मूर्ती ठेवतात आणि मागे न बघता निघून जातात. मला ते जमलं नसतं.

निवृत्त झाले तेव्हा माझं मत पक्कं होतं: संग्रह फोडायचा नाही, सगळे एका ठिकाणी द्यायचे. डोक्यात पुण्याचं केळकर संग्रहालय होतं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू राज्य सरकारच्या हवाली केल्या, म्हणून त्या आजही एका छताखाली बघायला मिळतात. अकाली गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहालयाला आहे. माझी उडी एवढी मोठी नव्हती. धडगावच्या बाजूला एका आश्रमशाळेत काचेचं कपाट करून द्यायचं, त्यात सगळे गणपती मांडायचे, मुलांना तेवढंच नवं काही बघायला मिळेल. वर एक लहानशी पाटी. पाटीवर माझं नाव असणार होतं, हे सांगून टाकते.

तिथले अधीक्षक पावरा समाजातले, माझ्याच देखरेखीखालच्या एका अंगणवाडीत वजनकाट्यावर लटकलेलं पोर. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मुलांनी मागितलेत का?"

मी म्हटलं, "मुलं कशी मागतील? त्यांना माहीत तरी आहे का माझ्याकडे काय आहे ते?"

"मग या, त्यांनाच विचारा."

गेले. नमुन्याला थोडे गणपती बरोबर नेले होते. मुलांनी ते हातात घेऊन उलटेपालटे केले, तबलेवाला खरंच वाजवतो का ते पाहिलं आणि परत ठेवले. तुम्हाला काय पाहिजे, असं विचारल्यावर मात्र उत्तरं भराभर आली. कॅरमच्या सोंगट्या, स्ट्रायकरसकट. व्हॉलीबॉलचं नेट. मोठ्या मुलींपैकी एकीने बाजूला येऊन हळूच सांगितलं, न्हाणीघराच्या दारांना आतून कड्या.

चहा घेताना अधीक्षक म्हणाले, "दिवाळीनंतर मोठ्या शहरांतून गाड्या येतात, मॅडम. जुने कपडे घेऊन. मागच्या खेपेला त्यात लग्नातले कोट होते. इथे कोण घालणार? पण परत न्या असं म्हणवत नाही. लांबून आलेले असतात. त्यांना फोटो पाहिजे असतो."

माझं मत तिथल्या तिथे बदललं, असं नाही. उलट राग आला. चांदसैली घाट उतरताना सबंध रस्ताभर मी मनात त्यांच्याशी भांडत होते. देवाला नाही म्हणतात म्हणजे काय, इथपर्यंत माझी मजल गेली. पण देवाचा प्रश्नच नव्हता. त्या शाळेत गणेशोत्सवात गणपती बसतो, मुलं आरतीला उभी राहतात. हीच माणसं महाशिवरात्रीच्या सुमाराला देवमोगरा मातेच्या यात्रेला टोपल्यांत धान्य घेऊन जातात, वाघदेवाला मानतात. देवांना त्यांच्याकडे जागा कमी नाही. प्रश्न एवढाच होता की मला नको झालेली वस्तू त्यांना हवीच असेल, हे मी कशावरून धरून चालले होते?

खरं तर उत्तर मला ठाऊक होतं. ते गरीब आहेत, डोंगरात राहतात, त्यांच्याकडे काही नाही. म्हणजे काहीही चालेल. हे मी तोंडाने कधी बोलले नसते. योजना मात्र याच समजुतीवर उभी होती.

मला डोंगरातून काय मिळालं होतं, ते त्यानंतर आठवत राहिलं. मोलगी-धडगावच्या पाड्यांवरून निघताना बायका पिशवीत काहीतरी घालायच्याच. आमचूर, भगर, चारोळी, कधी कुळीथ. आमचूर म्हणजे कैऱ्या उतरवायच्या, एकेक सोलायची, चिरायची आणि उन्हात खडकावर वाळवायची. पाऊस आला की पळत जाऊन गोळा करायची. त्यातून चार पैसे सुटतात. त्या बायकांनी मला दिलं ते बाजारात नेऊन विकायच्या मालातून काढून दिलं होतं. ते आम्ही खाल्लं आणि संपलं. कुणाच्या कपाटात त्याने जागा अडवली नाही. इतकी वर्षं मी त्याला भेट समजतही नव्हते, कारण ते रंगीत कागदात गुंडाळलेलं नसायचं.

आणि केळकरांचं म्हणाल, तर त्यांनी दिवे आणि अडकित्ते गावोगाव हिंडून, पारखून गोळा केले होते. माझ्या गणपतींपैकी मी निवडलेला एकही नव्हता. तो संग्रह नव्हताच, साठा होता. तो एकत्र राहावा असं मला वाटत होतं, कारण एकत्र दिला की एकाच फेरीत मोकळं होता येतं.

म्हणून आता माझं म्हणणं असं झालं आहे: वस्तूसाठी घर शोधायचं नाही, ती वस्तू मागणारा माणूस शोधायचा. एकेक. आणि तो सापडला नाही तर तिची विल्हेवाट लावायचं काम आपलं. ते दान म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये.

देणाऱ्यांना काय वाटेल, ही धास्ती आधी काढून टाकली. काचेचा मोठा गणपती देणाऱ्या जुन्या सहकारी बाईंना फोन करून विचारलं, कुणाला देऊ का? त्या म्हणाल्या, "मी दिला होता? वर्गणीतून आणला असेल गं."

डॅशबोर्डवर चिकटवायचे लहान गणपती जीप स्टँडवर गेले. शहादा-धडगाव रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या एका ओळखीच्या पोराने एक मागितला, त्याचं बघून दुसरे मागायला आले. पितळी होते त्यातला एक भाचीने देवघरासाठी नेला, बाकीचे मोडीत घालून मी पितळी पातेलं घेतलं. तांदूळ शिजवताना मला अजून थोडं चमत्कारिक वाटतं, पण भात चांगला होतो.

सगळ्यात चोखंदळ गिऱ्हाईक निघाले ते नंदुरबारच्याच कारखान्यातले एक मूर्तिकार. सगळे एका फळीवर मांडून घेतले, प्रत्येक फिरवून पाहिला, थोडेच उचलले. त्यांना देवही नको होता आणि शोभाही नको होती. त्यांना बैठक हवी होती: लोडाला टेकलेल्या पाठीचा बाक, तबल्यावरच्या बोटांची ठेवण. त्यावरून ते मातीत मोठा नमुना करणार आणि नमुन्याचा साचा काढणार. बाकीच्यांकडे बोट दाखवून सरळ म्हणाले, "हे मी घेत नाही, ताई. यात काम नाही." त्या नकाराचं मला वाईट वाटलं नाही. उचललेल्यांना त्यामुळेच किंमत आली.

प्लास्टर ऑफ पॅरिसचे होते ते मी गच्चीवर विरघळवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही रीत शोधली आणि पुणे महापालिकेने ती घरोघरी पोचवली. बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात मिसळायचं, मूर्ती त्यात बुडवायची, अधूनमधून ढवळायचं. दोनेक दिवसांत तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, ते झाडांना खत म्हणून चालतं. सोनेरी रंगाचा पापुद्रा आधी खरवडून काढावा लागला. अमोनियाचा वास असा सुटला की शेजारच्या वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या. घड्याळवाला आणि तडा गेलेले नाशिकला पाठवले. तिथे तृप्ती गायकवाड यांची 'संपूर्णम' ही संस्था जुन्या तसबिरी आणि भंगलेल्या मूर्ती घेते आणि उत्तरपूजा करून त्यांतल्या सामानाचा पुन्हा उपयोग करते. निळ्या दिव्याचे काचेचे मात्र अजून माझ्याकडेच आहेत. कुणी मागितले नाहीत.

आश्रमशाळेतल्या कड्या लगेच बसवल्या. सगळ्या कड्यांचा आणि सुताराच्या मजुरीचा खर्च काचेच्या एका गणपतीपेक्षा कमी आला. पाटी लावायचा प्रश्न आला नाही.

यंदा माझ्या जुन्या बीटमधल्या एक अंगणवाडी सेविका निवृत्त झाल्या. मानधनावर काम करणारी बाई. साहेबलोकांसारखे निरोप समारंभ तिच्या वाट्याला येत नाहीत. आम्ही काहीजणींनी पैसे काढले आणि मी, आता शहाणी झालेली, आधीच विचारून घेतलं: ताई, तुम्हाला काय आणू? मिक्सर म्हणा, साडी म्हणा, कुकर म्हणा.

त्या म्हणाल्या, "मॅडम, गणपती आणा. इतक्या जणांना आम्ही वर्गणी काढून दिला. आमच्या घरी एकपण नाही."

कपाटातला एक चालेल का, हे अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं आणि कारखान्यात जाऊन नवा घेतला.