हाउलिन वुल्फ आणि आमचे काका

मंडळी, शुक्रवारी रात्री रिलीज होतं. स्क्रिप्ट चालू करून दिली की दोन तास नुसतं पडद्याकडे बघत बसायचं. तेव्हा तूनळीवर भटकता भटकता 'शिंडिग' सापडला आणि वीकांताचा विषय मिळाला.

'शिंडिग' म्हणजे अमेरिकेत एबीसी वाहिनीवर लागणारा, तरुण पोरापोरींसाठीचा गाण्यांचा कार्यक्रम. सप्टेंबर १९६४ ला सुरू, जानेवारी १९६६ ला बंद. जेमतेम सोळा महिने! निर्माता जॅक गुड इंग्लंडहून आलेला, निवेदक जिमी ओनील. कृष्णधवल चित्र, एक गाणं संपतंय तोवर दुसरं सुरू, मागे नाचणाऱ्या मुली, समोर किंचाळणारं पब्लिक. पहिल्याच भागात सॅम कुक, ऑक्टोबरात बीटल्स. आधी अर्धा तास, मग एक तास, मग आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास... अशी खेळाखेळी सुरू झाली की आपण आयटीवाले ओळखतो, प्रोजेक्टचं काही खरं नाही. झालंही तसंच. जानेवारीत 'बॅटमॅन' आला आणि 'शिंडिग' गेला.

पण मला रात्रभर जागं ठेवलं ते मे १९६५ च्या एका भागाने. पाहुणे होते रोलिंग स्टोन्स. त्यांनी अट घातली, हाउलिन वुल्फलाही बोलवा. शिकागोचा हा धिप्पाड ब्लूज गायक तेव्हा ५४ वर्षांचा, आणि समोरच्या पोरांपैकी बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलं नसावं. त्याने १९६१ साली गायलेलं 'लिटल रेड रूस्टर' स्टोन्सनी पुन्हा गायलं आणि १९६४ मध्ये ते इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. निवेदक विचारतोय तर ब्रायन जोन्स म्हणतो, आता आपण गप्प बसू आणि त्यांना ऐकू. मग हे सगळे स्टार लोक चक्क मंचाच्या कडेला बसून ऐकतात!

हे बघताना मला आमचे डेटाबेसवाले काका आठवले. पन्नाशीचे, डबा घरून आणणारे, मीटिंगमध्ये गप्प. आमची रात्रीची बॅच सकाळी नऊपर्यंत रखडायची, ती त्यांनी चार दिवस बसून पहाटे तीनला संपवून दाखवली. क्लायंटसमोर डेमो मी दिला. "हे कोणी केलं?" असा सरळ प्रश्न आला. काका मागच्याच खुर्चीत होते. मी म्हणालो, "टीमने." खोटं नव्हतं हो, पण माझं अप्रेझल जवळ आलं होतं. पुढे ते प्रोजेक्टच गुंडाळलं गेलं. काकांनी नोकरी सोडली. प्रमोशन मला मिळालं.

सोळा महिने चाललेला कार्यक्रम काय, आमचं प्रोजेक्ट काय, बंद पडणं आपल्या हातात नसतंच. पण चालू आहे तोवर माइक कोणाच्या हातात द्यायचा, एवढं तरी असतं ना?

शनिवारी सकाळी काकांना मेल टाकली. सगळं लिहिलं, माफीही मागितली. तासाभरात उत्तर आलं: "अरे, त्यात काय एवढं! हल्ली बॅच किती वाजता संपते?"

ती सिस्टिम बंद होऊन दोन वर्षं झाली, हे त्यांना कळवायचंय. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. असो. आज फोनच करतो.