बाईंची बाग

दादरला आमच्या लहानपणी कोणी ‘पार्कात जातो’ म्हटलं, की कुठल्या पार्कात हे विचारावं लागत नसे. शिवाजी पार्क १९२५ साली खुलं झालं, तेव्हा लोक त्याला माहीम पार्क म्हणत. शिवरायांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने १९२७ साली त्याचं नाव बदललं, आणि त्यासाठी आग्रह धरला तो नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी. चंपारणच्या सत्याग्रहात गांधीजींबरोबर काम केलेल्या या बाई. आमच्या अण्णांनी हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मैदानाला मिळालेल्या नावामागेही कोणाची तरी खटपट असते.

माझी धाकटी बहीण मात्र पार्कात असून नसल्यासारखी असायची. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. पायांत लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, जड बूट, दोन काखांत कुबड्या. मातीत कुबडी रुतायची. घसरगुंडीला शिडी चढावी लागे, आणि झोपाळ्याच्या फळीला पाठ टेकायला काहीच नसे. ‘तू येऊ नकोस’ असं तिला कोणीही म्हणालं नाही. मुलांनी तिला कट्ट्यावर बसवून क्रिकेटची धावसंख्या लिहायला दिली, आणि तिची वही इतकी चोख असे की भांडण झालं तर दोन्ही बाजूंची मुलं तिच्याकडेच धावत. तरी एका संध्याकाळी ती आईला म्हणाली, “मला एकदा झोक्यावरून पडायचंय. सगळे पडतात.” आईकडे त्याला उत्तर नव्हतं.

कॅलिपरच्या मापासाठी हाजी अलीच्या रुग्णालयात जावं लागे. तिथे फातिमा इस्माइल यांचं नाव आई हटकून घ्यायची. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला म्हणून या बाईंनी उपचारांचा ध्यास घेतला, आणि तिच्यासाठी जे मिळवलं ते इतरांच्या मुलांनाही मिळावं म्हणून १९४७ साली मुंबईत संस्था उभी केली. आईला त्यांचा मोठा आधार वाटे. त्यांनी आपलं दुःख आपल्या घरापुरतं ठेवलं नाही, असं ती म्हणायची.

पुढे मी वास्तुकला शिकले आणि तिथे लेडी अ‍ॅलन भेटल्या, पुस्तकातून. मार्जरी अ‍ॅलन या इंग्लंडमधल्या उद्यानरचनाकार. कोपनहेगनजवळच्या एम्ड्रुप इथलं, मुलांनी टाकाऊ सामानातून स्वतः रचलेलं मैदान त्यांनी युद्धानंतर पाहिलं आणि तशी मैदानं इंग्लंडमध्ये व्हावीत म्हणून उरलेलं आयुष्य वेचलं. १९७० साली लंडनमधल्या चेल्सीत त्यांनी अपंग मुलांसाठी मैदान उभं केलं. मुलांना थोडा धोका पत्करू द्यावा, अपंग मुलांनाही, हे त्यांचं ठाम मत होतं. ते वाचताना मला बहिणीचं ते वाक्य आठवलं आणि वाटलं, हिला उत्तर देणारं कोणीतरी होतं, फक्त फार लांब होतं. लंडनमधल्याच वॉण्ड्सवर्थ भागात अपंग मुलांच्या एका मैदानाला लेडी अ‍ॅलन यांचंच नाव दिलं गेलं.

खेळणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं एकतिसावं कलम सांगतं. २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळता आलं पाहिजे, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. भारताने त्याला २००७ मध्ये मान्यता दिली आणि २०१६ मध्ये आपला नवा कायदा झाला. पण बागेचं फाटक कायद्याने आपोआप रुंद होत नाही. त्यासाठी कोणालातरी दुपारच्या उन्हात कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

पुढे मी पुण्यात राहायला आले; तिथे आमच्या भागात त्या पायऱ्या एक बाई चढल्या. बाई निवृत्त शिक्षिका. शेजारच्या चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला बागेत नेताना त्यांच्या लक्षात आलं, की दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून फाटकात रोवलेले लोखंडी खांब चाकाच्या खुर्चीलाही अडवतात. तिथून सुरुवात झाली. आराखडे काढून द्यायला त्यांनी मला धरलं. एक फूट उंची चढायची तर उतार बारा फूट लांब हवा, हे त्यांना एकदा सांगितलं आणि त्यानंतर त्या प्रत्येक अभियंत्याला तेच सांगत राहिल्या. फाटक रुंद झालं. झोपाळ्यांखालच्या वाळूत चाकं रुतत, तिथे रबरी फरशी आली. उंच पाठीचा, पट्ट्याचा झोपाळा आला. जमिनीच्या पातळीत बसवलेली चक्री आली, खुर्चीसकट वर जाता येईल अशी. शनिवारी बाई स्वतः तिथे उभ्या राहत आणि सगळ्या मुलांना एकत्र खेळवत. धडधाकट मुलांना त्या ‘याला मदत कर’ असं कधीच सांगत नसत. ‘याच्याशी खेळ’ म्हणत.

त्या गेल्यावर बागेला त्यांचं नाव द्यावं, असा अर्ज आम्ही रहिवाशांनी केला. आमच्या महापालिकेत अशा अर्जांसाठी नाव समिती असते. बागेचं आधीचं नाव म्हणजे नुसतं सोसायटीचं नाव होतं, त्यामुळे कोणा थोर माणसाचं नाव पुसलं जाणार नव्हतं. तरीही काहींनी विचारलं, एवढ्याशा कामासाठी नाव कशाला? या प्रश्नाचा मी मनापासून विचार केला आहे. थोरांची नावं मुलांना इतिहास शिकवतात, ती असलीच पाहिजेत. पण आपल्या गल्लीत राहणारी, भाजीची पिशवी घेऊन जाणारी एक बाई एवढं करू शकते, हे मुलांना कोण शिकवणार? ते अशाच नावाने कळतं.

फलकाचा मजकूर माझ्या बहिणीने सुचवला. ती आता स्वतः चाकाच्या खुर्चीवर असते. ती म्हणाली, नुसतं नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा लिहू नका. फाटक कोणी रुंद करून घेतलं, झोपाळा कोणी आणला, ते लिहा. म्हणजे उद्या पट्टा तुटला किंवा फाटकात पुन्हा खांब आले, तर फलक वाचणाऱ्या कोणालाही हक्काने विचारता येईल. तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. ज्यांच्या नावाच्या बागेत चाकाची खुर्ची आत जाऊ शकत नाही, त्यांचा तो सन्मान नव्हे.

तुमच्या भागातही असं काम केलेलं कोणीतरी असेल. त्यांचं नाव बागेला मिळावं म्हणून अर्ज जरूर करा, आणि त्याच अर्जात दुसरी मागणीही लिहा: या बागेतल्या खेळण्यांच्या देखभालीसाठी दर वर्षी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद हवी. दोन्ही मागण्या मंजूर होईपर्यंत अर्ज मागे घेऊ नका.