जरासंधाचीं शकलें

पुराणांत संकरदेहांची वाण नाहीं. नरसिंह आहे, गजानन आहे, अर्धनारीनटेश्वर आहे. पण हे सारे एकदां जुळले ते जुळले, त्यांचा सांधा कोणास उकलतां येत नाहीं. आज ज्या यंत्राविषयीं दोन शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे, त्याचा पूर्वज शोधावयाचा तर महाभारतांतील जरासंधाकडेच जावें लागतें. बृहद्रथाच्या दोन राण्यांनीं एक आंबा अर्धा अर्धा खाल्ला, दोघींस अर्धें अर्धें मूल झालें, आणि जरा नांवाच्या राक्षसीनें तीं दोन शकलें सहज एकत्र धरतांच त्यांचा एक धडधाकट बालक झाला. पडदा आणि कीबोर्ड हीं ज्याचीं दोन शकलें हवीं तेव्हां जोडतां येतात व हवीं तेव्हां विलग करतां येतात, त्या टॅब्लेट-संगणकाची जन्मकथा याहून फारशी निराळी नाहीं. फरक इतकाच कीं, जरासंधाचीं शकलें सारख्या वजनाचीं होतीं. या यंत्राचीं तशीं नसतात, आणि आमच्या मतें त्याचें सारें भाग्य व सारें दुर्भाग्य या एका गोष्टींत आहे.

साधा लॅपटॉप एकदां नीट न्याहाळावा. बॅटरी, पंखा, गणिताचें काम करणारी चिप, जें जें म्हणून जड तें सारें कळांच्या खालीं दडविलेलें असतें. वरचें झांकण केवळ दर्शनापुरतें. बूड जड, माथा हलका. म्हणून तो मांडीवर, गादीवर, आगगाडीच्या बाकावर, जेथें ठेवाल तेथें मुकाट्यानें बसतो. आतां या झांकणानेंच उद्यां वेगळें बिऱ्हाड मागितलें तर काय होईल? एकट्यानें राहावयाचें म्हणजे चूल, जातें, पाण्याचा हंडा हें सारें त्यालाच बरोबर न्यावें लागणार. संगणकाचा सगळा संसार मग कांचेच्या पाठीमागें, बोटभरहि नसलेल्या जाडींत, कोंबावा लागतो. आणि कीबोर्ड म्हणजे पुठ्ठ्यासारखी पातळ अशी कळांची पाटी तेवढी उरते. बूड हलकें आणि माथा जड! अशी वस्तु स्वबळावर उभी राहणें निसर्गास मंजूर नाहीं. मग तिच्या पाठीला टेकू आला. टेकू आला म्हणजे तो टेकावयास मागें वीतभर सपाट जागा आली, आणि पर्यायानें टेबल आलें. जें यंत्र कोठेंहि नेतां यावें म्हणून घेतलें, तें टेबल शोधीत हिंडूं लागतें.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १८ जून २०१२ रोजीं लॉस एंजेलिस येथें ‘सरफेस’ नांवाचें आपलें यंत्र जगापुढें मांडिलें, तेव्हां त्याचा टेकू एकाच कोनांत उघडत असे. उंच माणसानें वांकावें आणि ठेंगण्यानें मान उंचवावी, अशी ती समदृष्टि होती. २०१३ सालीं त्यास दुसरा कोन मिळाला. २०१४ सालच्या ‘सरफेस प्रो ३’ मध्यें टेकू हवा तेथें थांबूं लागला आणि कीबोर्डाची वरची कड लोहचुंबकानें पडद्याच्या कांठास चिकटून कांहींशी ताठ राहूं लागली. यंत्रास मांडीवर बसविण्याच्या या खटपटींत ‘मांडीवर बसण्याची लायकी’ अशा अर्थाचा एक नवा शब्दच इंग्रजींत घडविण्यांत आला. नरसिंहानें हिरण्यकशिपूस मांडीवर घेतलें तेव्हां त्याला असली अडचण पडली नव्हती. त्याच वर्षीं पडद्याचें प्रमाणहि बदललें. पूर्वीं तो सोळास नऊ, म्हणजे सिनेमाचा. उभा धरला तर फळीसारखा दिसे. आतां तो तीनास दोन झाला, म्हणजे पुस्तकाच्या पानाजवळ आला. आम्हां वाचणारांस टेकूच्या करामतीहून ही मुकी सुधारणा अधिक मोलाची वाटते.

देह दुभंगलेला, तसें मनहि. २०१२ च्या अखेरीस आलेल्या ‘विंडोज ८’ या प्रणालीस दोन तोंडें होतीं: एक बोटासाठीं, मोठमोठ्या रंगीत चौकोनांचें, दुसरें माउससाठीं, जुन्या वळणाचें. एकाशीं बोलावें तर मध्येंच दुसरें उत्तर देई. पहिल्या सरफेसबरोबर आलेली ‘विंडोज आरटी’ ही तिची धाकटी बहीण तर घरांतील जुन्या माणसांसच ओळखीना. आजवर वापरलेले प्रोग्रॅम तिच्यावर चालत नसत. लोकांनीं पाठ फिरविली, आणि जुलै २०१३ मध्यें कंपनीस पडून राहिलेल्या मालापोटीं ९० कोटी डॉलर तोट्यास मांडावे लागले.

वजनाचें कोडें सोडविण्याचे प्रामाणिक प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. एसूस कंपनीनें २०११ सालींच आपल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ टॅब्लेटच्या कीबोर्डांत दुसरी बॅटरी घातली. बूड जड झालें आणि यंत्रहि अधिक वेळ चालूं लागलें. याहून चमत्कारिक प्रयत्न २०१५ सालच्या ‘सरफेस बुक’चा. त्यांत मोठी बॅटरी तळांत ठेविली होती, आणि तळ व पडदा यांस जोडणाऱ्या आंकड्यांशीं निकेल व टिटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार गुंफिली होती. कळ दाबली कीं तारेंतून वीज वाहे, तार तापून आंखडे, आंकडे सुटत, आणि मगच पडदा हातीं येई. स्नायूसारखी आंखडणारी ही तार म्हणजे कारागिरीचा उत्तम नमुना खरा. पण तळांत चित्रांसाठीं वेगळी चिप बसविलेली असली आणि तिच्यावर एखादें काम चालूं असलें, तर ‘आधीं तो प्रोग्रॅम बंद करा’ असें यंत्र बजावीत असे. काडीमोड घेण्यापूर्वीं पंचांपुढें जावें, तशांतला हा प्रकार! शिवाय एकट्या पडद्याची शिदोरी सुमारें तीन तासांची. या कुळाचा वारसा सांगणारें जें यंत्र २०२१ सालीं आलें, त्याचा पडदा पुढें ओढून आडवा करतां येत होता, पण काढतां येत नव्हता. तें कोडें कंपनीनें सोडविलें नाहीं, सोडून दिलें, असें आम्ही समजतों.

ॲपल कंपनीचे टिम कुक यांनीं एप्रिल २०१२ मध्यें असल्या संकराची थट्टा करतांना पाव भाजण्याचें यंत्र व रेफ्रिजरेटर यांचा विवाह लावण्याचा दृष्टान्त दिला होता. २०१५ सालीं त्याच ॲपलनें आयपॅड प्रोला जोडावयाचा कीबोर्ड काढला, आणि २०२० सालीं काढलेल्या नव्या कीबोर्डास माउसचें काम करणारी पट्टीहि बसविली. गंमत पुन्हां वजनाचीच. २०२० सालचा १२.९ इंची आयपॅड प्रो ६४१ ग्रॅमचा, तर त्याचा हा कीबोर्ड ७०० ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून तराजूंत घातले तर त्याच कंपनीच्या त्याच सालच्या मॅकबुक एअरहून, म्हणजे १.२९ किलोच्या साध्या लॅपटॉपहून, थोडे अधिकच भरतात. निसर्गाचें देणें कोणासच चुकलें नाहीं. आणि गिऱ्हाइकास तें बहुधा वेगळें मोजावें लागतें, कारण जाहिरातीच्या चित्रांत कीबोर्ड जोडलेला असला तरी किंमतींत तो जोडलेला असेलच असें नाहीं.

आम्ही स्वतः अशा एका यंत्राबरोबर चार वर्षें संसार करीत आहों. त्याच्या कुळाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. लिहिण्याच्या बाबतींत त्याची व आमची तक्रार एकच, ती म्हणजे मांडी. आम्ही इनस्क्रिप्ट पद्धतीनें मराठी लिहितों: डाव्या हातास स्वर, उजव्या हातास व्यंजनें. ही वांटणी मोठ्या शहाण्यानें केली आहे, कारण मराठींत व्यंजनामागून स्वर येत राहतो आणि दोन्ही हात आळीपाळीनें पडतात. पण याच आळीपाळीमुळें मांडीवरचा तो पातळ कीबोर्ड होडीसारखा डुलूं लागतो. त्यांतून अनुस्वाराची जागा रोमन एक्सच्या कळीवर, डावीकडे अगदीं खालच्या ओळींत; तेथें बोटाचा दाब नेमका कमी पडतो. १९६२ सालच्या नियमांनीं ज्या अनुच्चारित अनुस्वारांस रजा दिली, त्यांस आम्ही अजून घरीं पोशीत आहों, हें वाचक पाहातच आहेत. पुण्यामुंबईच्या गाडींत लिहिलेल्या मजकुरांतून त्यांतले निम्मे खंडाळ्याच्या घाटांत गळून पडलेले असतात. टेबलावर मात्र सहसा एकहि गळत नाहीं.

उलट, मुद्रितें तपासावयास बसलें कीं हेंच यंत्र गुणांची खाण ठरतें. कीबोर्ड खसकन काढावा, पान उभें धरावें, त्याची लेखणी हातीं घ्यावी, आणि गळालेला एकेक अनुस्वार टिंब देऊन जागच्या जागीं परत आणावा. लॅपटॉपवर चूक दिसते, पण ती हाताखालीं येत नाहीं. लिहितांना माणूस पुढें वांकतो आणि वाचतांना मागें रेलतो; या दोन बैठकी निराळ्या आहेत, हें ज्यानें प्रथम ओळखिलें त्याची बुद्धि आम्ही वाखाणतों. लेखणी गुळगुळीत कांचेवर किंचित् घसरते आणि हातास पाठीमागची ऊब लागत राहते, कारण तापणारें सारें सामान हातांतच असतें. माघांत ही ऊब बरी वाटते, वैशाखांत नको होते. पण एवढें आम्ही आनंदानें सोसतों. कीबोर्ड एकदां लावला तो लावलाच, कधीं काढीत नाहीं, असे या यंत्राचे कितीतरी धनी आमच्या ओळखींत आहेत. त्यांनीं लॅपटॉप घ्यावा. तो अधिक स्वस्त, अधिक स्थिर आणि दुरुस्तीस अधिक सोपा मिळेल.

आम्ही तो घेत नाहीं याचें खरें कारण मात्र मुद्रितें नव्हे. आमच्या मातोश्रींचें वय आतां एक्याऐंशी आहे. दृष्टिपटलाच्या विकारानें त्यांची मधली नजर अंधुक झाली आणि छापील पोथी भिंगानेंहि वाचवेनाशी झाली. मोबाईलवर अक्षर मोठें केलें तर ओळींत दोनच शब्द मावतात, आणि तिसरा येईतों पहिला विसरतो. लॅपटॉपवर अक्षर पुरेसें मोठें होतें, पण मध्यें कळांची ती वीतभर ओटी. तिच्यावरून वांकून पडद्याशीं डोळे नेणें त्यांना जमेना, आणि ‘तुझें कचेरीचें कांहींतरी बिघडेल’ म्हणून हातहि लावीनात. कीबोर्ड काढलेला हा पडदा आम्हीं त्यांच्यापुढें ठेविला, तेव्हां त्यांनीं तो उचलून सरळ मांडीवर घेतला. मग नाकापाशीं नेला, दोन बोटांनीं अक्षर सुपारीएवढें केलें आणि पहिली ओवी मोठ्यानें वाचली. त्यापूर्वीं आठ महिने त्यांच्या खोलींतून वाचनाचा आवाज आला नव्हता. पाऊण किलोहून अधिक वजन म्हाताऱ्या मनगटांस फार वेळ पेलत नाहीं, म्हणून आतां तो पोथीच्या व्यासपीठावर टेकू काढून ठेवावा लागतो. टेकूस आम्हीं वर जीं नांवें ठेविलीं, त्यांतलीं निम्मीं तरी येथें परत घेतलीं पाहिजेत.

अडचण आहे ती दुसरीच. एका यंत्रांत दोन यंत्रें असतात हें खरें, पण तीं एकाच वेळीं नसतात. त्यांच्या वाचनाची वेळ तिसऱ्या प्रहरीं चार ते सहा. आमची लिहिण्याची वेळहि तीच. त्यांतून बॅटरी आतां थकली आहे. ती कांचेच्या मागें गोंदानें डकविलेली. दुरुस्ती करणारा म्हणतो, उघडतांना कांच तडकली तर जबाबदारी आपली. मातोश्री बाराव्या अध्यायापर्यंत आल्या आहेत. त्यांचे अठरा होईपर्यंत तरी कोणास हात लावूं द्यावयाचा नाहीं असें आम्हीं ठरविलें आहे, आणि तोंवर भिंतींतल्या खुंटीपासून व्यासपीठापर्यंत वायर ओढलेली असते. चार वाजले कीं पडदा आंत जातो आणि कीबोर्ड आमच्या टेबलावर राहतो. पडद्यावांचून त्याची एक कळहि चालत नाहीं. त्याच्यावर कागद ठेवून, जुन्या मुद्रितांच्या कोऱ्या पाठीवर, आम्ही पेनानें लिहीत बसतों. हा लेखहि बहुतेक तसाच लिहिला. आंतून मधूनमधून हाक येते, ‘अरे, हें अक्षर पुन्हां बारीक झालें रे,’ आणि आम्ही पेन ठेवून उठतों.