गव्हाची बिअर आणि आम्ही

हा लेख वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. ज्या पानांवर लोणच्यांच्या कृति, व्रतांच्या कथा आणि मुलांच्या संगोपनाविषयींचे विचार यावयाचे, तेथें बिअरची चव कशी लागते हें सांगणें कितपत प्रशस्त, असा प्रश्न लेखणी उचलतांना आमच्याहि मनांत आला. परंतु सत्तरी उलटल्यावर आयुष्यांत प्रथमच जी वस्तु आम्हीं जिभेस लावली, ती चवीच्या हौसेनें लावली नाहीं. आणि कां लावली हें सांगावयाचें तर ती कशी लागली हेंहि सांगणें प्राप्त आहे. अर्धें सत्य सांगण्यापेक्षां न सांगणें बरें.

आमच्या घरीं मद्याचें नांव निघत नसे. याचें कारण आमचे थोरले काका. वकिलींत नांव मिळविलेला, संस्कृत काव्यें मुखोद्गत असलेला हा पुरुष पुढें बाटलीच्या आहारीं गेला. बाटली राहत असे ज्वारीच्या कणगींत. एके दिवशीं आजीनें दळणासाठीं कणगींत हात घातला आणि ती तिच्या हातास लागली. तोंवर मळा गहाण पडला होता व काकूंच्या पाटल्या सराफाकडे गेल्या होत्या. आमचे वडील त्या वेळीं शाळकरी होते. इ. स. १९३० मध्यें ते ताडीच्या दुकानांपुढें निरोधन करीत उभे राहिले, त्याचें बीज या कणगींत होतें. १९४९ सालीं मुंबई राज्यांत दारूबंदीचा कायदा झाला तेव्हां त्यांनीं आळींत पेढे वांटले, असें आम्ही आईच्या तोंडून ऐकिलें आहे. तथापि काकांविषयीं बोलतांना ते नेहमीं एक गोष्ट सांगत. "दारूनें घर बुडालें खरें, पण त्याआधीं लपवाछपवीनें तें पोखरलें होतें." या वाक्याचा पूर्वार्ध आम्हीं जन्मभर पाळला. उत्तरार्धाकडे मात्र आमचें लक्ष गेलें नाहीं.

आमचे चिरंजीव गेलीं बारा वर्षें जर्मनींत, बव्हेरिया प्रांतांतील म्युनिक शहरीं असतात. यापूर्वीं दोन वेळां आम्ही उभयतां त्यांच्याकडे जाऊन आलों. घरांत देव्हारा, फडताळांत मेतकूट, आणि बाटली म्हणाल तर औषधालाहि नाहीं! परत आल्यावर आम्हीं हें चार घरीं अभिमानानें सांगितलें. यंदां जूनमध्यें तिसऱ्यांदा गेलों. तिकडे इमारतीच्या तळघरांत प्रत्येक बिऱ्हाडास एकेक कोठी असते. सूनबाईंनीं बटाटे आणण्यास आमच्या सहा वर्षांच्या नातीस धाडलें, व सोबतीला आम्ही गेलों. कोठींत एका कोपऱ्यांत कांहींतरी सोलापुरी चादरीखालीं झांकून ठेवलें होतें. चादर आमच्या ओळखीची, गेल्या खेपेस आम्हींच आणलेली. आम्ही ती उचलणार, तों नात म्हणाली, "आजोबा, तें नका उघडूं. तें तुम्ही गेल्यावर वर आणायचें असतं."

चादरीखालीं वीस बाटल्यांची एक पेटी होती.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. प्रथम राग आला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु मध्यरात्रीनंतर राग ओसरला आणि आजीची कणगी डोळ्यांपुढें उभी राहिली. काका लपवीत ते व्यसनापायीं. मुलगा लपवीत होता तो आमच्या मर्यादेखातर. हेतु निराळा, परंतु कृति तीच. आणि ती आतां सहा वर्षांच्या पोरीस शिकविली जात होती. ज्या लपवाछपवीचा वडिलांना तिटकारा, तीच त्यांच्या नातवाच्या घरीं शिरली होती, आणि तिला दार उघडून देणारे आम्हीच होतों. आमच्या सोंवळ्याच्या धाकानें एका चाळीस वर्षांच्या कर्त्या पुरुषास स्वतःच्या घरांत चोर केलें होतें.

सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं विषय काढला. चिरंजिवांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "बाबा, तुम्हांला वाईट वाटेल म्हणून..." इतकेंच ते म्हणाले.

"किती घेतोस?"

"शनिवारीं एक. उन्हाळ्यांत कधीं दोन."

"आज शनिवारच आहे. काय घेतोस तें आम्हांस दाखव, आणि आमच्यापुढें घे."

सायंकाळीं आम्ही सर्व एका बिअरच्या बागेंत गेलों. दारूचा गुत्ता या शब्दानें आमच्या मनांत जें चित्र उभें राहतें, त्याच्याशीं या जागेचा कांहीं मेळ बसेना. चेस्टनटच्या घनदाट छायेखालीं लांकडी बांकें मांडलेलीं. त्यांवर आजीबाई, तान्हीं मुलें, पत्ते खेळणारे म्हातारे. ही झाडें शोभेसाठीं लावलेलीं नव्हेत. पूर्वीं जमिनीखालच्या तळघरांत बिअर थंड राखीत, त्या तळघरांवर सांवली पडावी म्हणून तीं लावीत. इ. स. १८१२ मध्यें बव्हेरियाच्या राजानें बिअर करणारांस अशा तळघरांपाशींच ती विकण्याची मुभा दिली. परंतु खानावळवाल्यांच्या पोटावर पाय येऊं नये म्हणून पावाखेरीज दुसरें खाद्य विकण्यास मनाई केली. तेव्हां लोक आपापली शिदोरी घेऊन येऊं लागले, आणि ती चाल आजतागायत चालू आहे. आमच्या सौभाग्यवतींनीं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मुळ्याची कोशिंबीर यांचा डबा उघडला. शेजारच्या बांकावरील जर्मन कुटुंबानेंहि मुळ्याच्या पातळ चकत्या मीठ लावून पानावर घेतल्या होत्या. परमुलुखांत मुळा पाहून आम्हांस नातलग भेटल्यासारखें वाटलें.

बिअर आली ती गव्हाची. आणि तींतहि उन्हाळ्यांत पितात ती हलकी. साध्या गव्हाच्या बिअरमध्यें मद्यार्काचें प्रमाण शेंकडा पांच ते साडेपांच, आणि हिच्यांत सुमारें तीन. हिच्या पूर्वेतिहासाची हकीकत चिरंजिवांनीं सांगितली ती मनोरंजक आहे. इ. स. १५१६ मध्यें बव्हेरियाच्या दोघां ड्यूकबंधूंनीं असा निर्बंध घातला कीं, बिअर करावयाची ती जव, हॉपचीं फुलें आणि पाणी यांचीच. गहूं पावाकरितां राहावा, हा त्यांतील एक हेतु मानतात. पुढें १५५३ सालीं २३ एप्रिलपासून २९ सप्टेंबरपर्यंत बिअर करण्यास बंदी झाली, कारण उष्म्यानें ती नासत असे. गव्हाच्या बिअरचें किण्व, ज्यास हल्लीं सर्रास यीस्ट म्हणतात, तें मात्र उबेंतच जोमानें काम करतें. परंतु ही बिअर करण्याचा हक्क डेगेनबेर्ग नांवाच्या एका सरदार घराण्यास तेवढा दिलेला होता. १६०२ सालीं तें घराणें निर्वंश झालें आणि हक्क ड्यूक माक्सिमिलियन याजकडे आला. त्यानें तो मक्ता स्वतःकडे ठेवून खजिना भरला! पुढें १८७२ सालीं गेओर्ग श्नायडर नांवाच्या बिअर करणाऱ्या गृहस्थानें तो हक्क राजाकडून मिळविला, तेव्हां ही बिअर राजघराण्याबाहेर आली. एका हातानें निषेध आणि दुसऱ्या हातानें उत्पन्न, ही राज्यकर्त्यांची रीत सर्वत्र एकच दिसते. आमच्याकडेहि १९४९ चा कायदा अद्याप जिवंत आहे, आणि अबकारीचें उत्पन्नहि आहे.

आतां चवीकडे वळूं. पेला उंच, कमरेस बारीक व वर रुंद. तो आधीं थंड पाण्यानें विसळून घेतात. बाटली तिरपी धरून हळूहळू ओततात, आणि तळीं दोन बोटें उरली म्हणजे बाटली गोल हलवून गाळासकट तेंहि वर घालतात. आम्हीं जन्मभर निवळी वर घेऊन गाळ टाकिला. येथें गाळाचाच मान! त्यामुळें पेय स्वच्छ दिसत नाहीं. मावळतीच्या उन्हांत तें गढूळ सोनेरी दिसलें, लिंबाच्या सरबतांत केशराची कांडी फिरवावी तसें. वर चार बोटें पांढरा फेस, धारोष्ण दुधासारखा दाट.

पेला प्रथम सौभाग्यवतींनीं नाकाशीं नेला आणि त्या एकदम उद्गारल्या, "अहो, हा तर कुरडयांच्या गव्हाचा वास! तिसऱ्या दिवशींचा!" वाचकभगिनींस हें निराळें सांगावयास नको. चैत्रांत गहूं तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, चीक काढतांना जो आंबूस-गोडसर वास स्वयंपाकघरांत दाटतो, तोच येथें होता. त्यांनीं पेला परत दिला. एक थेंबहि घेतला नाहीं, आणि आम्हीं आग्रह केला नाहीं.

धर्मशास्त्राची क्षमा मागून सांगतों कीं, आम्हीं घोट घेतले ते आचमनाप्रमाणें मोजून तीन. पहिल्या घोटांत मुख्यतः फेस आणि गारवा. जिभेस असंख्य बारीक बुडबुडे टोंचले, आणि ताज्या ताकासारखी किंचित् आंबट झांक लागली. कडूपणाची आम्ही वाट पाहत होतों, तो आलाच नाहीं. दुसऱ्या घोटांत नवल झालें. पिकल्या केळ्याची चव आली, आणि पाठोपाठ लवंगेची. कोणीं शिकरणींत वेलदोड्याऐवजीं लवंग घातली कीं काय, असें वाटलें. सूनबाई रसायनशास्त्र शिकलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, यांत केळें नाहीं कीं लवंग नाहीं. हे दोन्ही वास यीस्टचे. पक्व केळ्यांत आयसोअमाइल ॲसिटेट नांवाचें जें द्रव्य असतें तेंच हें यीस्ट निर्माण करतें. आणि धान्यांतील फर्युलिक आम्लापासून तें लवंगेच्या वासाचें दुसरें एक द्रव्य बनवितें. तिसऱ्या घोटांत भाजक्या पावाच्या कडेची चव, शेवटीं हॉपची पुसट कडवट रेघ, आणि मग कांहीं नाहीं. हलकी असल्यामुळें ती घशाखालीं उतरतांच चव विरून जाते. भर उन्हाळ्यांत तहानेल्या माणसानें ती कां मागावी, हें आम्हांस कळलें.

ती आम्हांस आवडली काय? आवडली नाहीं असें लिहिलें तर ही सर्व खटपट व्यर्थ जाईल. ती आवडली. आणि त्याच क्षणीं अंगावर काटा आला. दारू म्हणजे कडू विष. तें जाणूनबुजून गिळणारा माणूस मुळांतच दुष्ट किंवा मूर्ख, असेंच आम्हीं काकांविषयीं लहानपणापासून मानीत आलों होतों. त्यांचाहि पहिला घोट असाच एखाद्या रम्य सायंकाळीं, स्नेह्यांच्या मेळ्यांत, गोड लागला असेल, हें साठ वर्षांत आमच्या मनांत आलें नव्हतें. ज्या माणसाची आम्हीं फक्त भीति बाळगिली, त्याची कींव प्रथमच आली. पेला तिथेंच खालीं ठेवला.

आमचा हा लेख मद्याची भलामण नव्हे. मद्यार्काचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे, आणि शेंकडा तीन म्हणजे शून्य नव्हे. चिरंजिवांसहि आम्हीं काकांची सारी कथा त्या बांकावरच सांगितली, कणगीसकट. इतकीं वर्षें तीहि आम्हीं झांकूनच ठेविली होती. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर म्हणाले, "बाबा, हें मला आधीं सांगायला हवं होतंत." त्यांचें म्हणणें खरें होतें. लपविण्यांत आम्हीहि मागें नव्हतों.

त्या देशीं गव्हाच्या बिअरचे पेले एकमेकांस भिडवितात ते कांठास कांठ लावून नव्हे, तर जाड तळास तळ लावून. आणि त्या वेळीं एकमेकांच्या डोळ्यांत पाहावें असा संकेत आहे. आमचा उरलेला पेला चिरंजिवांच्या पेल्यास आम्हीं असाच भिडविला आणि त्यांच्याकडे सारला. पुन्हां ती चव घेण्याची आम्हांस इच्छा नाहीं. घरीं परतल्यावर कैरीचें पन्हें प्यालों, तें आम्हांस अधिक मानवतें. परंतु त्या सायंकाळीं मुलानें आमच्या डोळ्यांत सरळ पाहिलें, तसें तो गेल्या दोन खेपांत पाहत नसे, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें.

निघावयाच्या दिवशीं बाटल्यांची पेटी स्वयंपाकघरांत, तांदुळाच्या डब्याशेजारीं उघडी होती. सोलापुरी चादर सूनबाईंनीं धुऊन नातीच्या अंथरुणावर घातली होती.