आठ दिवसांचा सबक

जपानच्या ‘साकुरा सायन्स’ या २०१४पासून चालणाऱ्या उपक्रमात आमच्या शाळेतल्या एका मुलीची निवड झाली. अम्मीला दोनच काळज्या होत्या, खाणं आणि नमाज. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिथं फज्र होई तेव्हा इथं ऐन रात्र, तरी अम्मी जागीच. मुलगी भात, भाजी, फळांवर राहिली, नमाजही सांभाळली.

परतल्यावर आम्ही प्रयोगशाळांविषयी विचारलं. ते तिनं सांगितलंच, पण मनात राहिलं होतं दुसरंच. तिथं मुलंच रोज वर्ग झाडतात, फरशी पुसतात. त्याला ‘सोजी’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिनं सफाईवाल्या मावशींच्या हातून झाडू घेतला. संध्याकाळी अम्मी तणतणत आली, “सर, झाडू मारायला शिकवायचं, तर एवढ्या लांब कशाला पाठवली?”

आम्ही गप्प झालो. पाकीचं ईमानाशी नातं आम्हीच वर्गात शिकवतो, आणि कचरा मावशींवर सोडून घरी जातो. अम्मीला एवढंच म्हणालो, “प्रयोगशाळा पुस्तकातही दिसल्या असत्या. हे तिथं जाऊनच दिसलं.”

आता दर शनिवारी आम्ही शिक्षकही मुलांबरोबर झाडतो. राहिलेले कोपरे मावशी दाखवतात.