चमचाभर शेंगतेल

रविवार, २२ डिसेंबर २०२४

मोठ्या नातीच्या शाळेने नाताळच्या सुट्टीत 'जगातले दिव्यांचे सण' हा प्रकल्प दिला आहे. चिठ्ठ्या टाकल्या आणि हिच्या वाट्याला ज्यूंचा हनुक्का आला. वर्गात कुणालाच ते नाव धड म्हणता येईना, म्हणून ही भलतीच खूश. सून मोबाइलवर तयार संच बघत बसली होती. कापलेल्या पुठ्ठ्याच्या मेणबत्त्या, चिकटवायच्या कागदी ज्योती, वरून चकाकी. मी म्हटलं, थांब जरा. आयुष्य चित्रकला शिकवण्यात गेलं, त्यामुळे या बाबतीत माझं मत पक्कं आहे. कापून आलेले तुकडे खुणेवर चिकटवणं ही हस्तकला नव्हे, ती पाकिटावर तिकीट लावण्यासारखी कामगिरी.

शिवाय हनुक्कासाठी परक्या दारी कशाला जायचं? हॉस्टेलमधली माझी मैत्रीण अलिबागकडची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिला फोन लावला. तिकडे गेल्याला इतकी वर्षं झाली तरी हेल अजून अष्टागराचाच. म्हणाली, "अगो, आठ पणत्या नि एक वर उचललेली. झाला तुझा हनुक्का. संच कसला घेतेस?"

नात शेजारी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आज्जी, ज्यू लोक मराठी बोलतात व्हय?"

बोलतात की. आडनावं ऐक म्हटलं: पेणकर, दिवेकर, केहिमकर, नवगावकर. सगळी रायगड जिल्ह्यातल्या गावांवरून पडलेली. जुन्या 'बूट पॉलिश' सिनेमातला जॉनचाचा, नट डेव्हिड, तो मूळचा चेऊलकर. इस्रायलमध्ये या मंडळींनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. धाकट्या नातवाला फक्त एवढंच हवं होतं, की या सणाला फटाके असतात का. नसतात म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं.

सोमवार, २३ डिसेंबर

माळ्यावरून दिवाळीच्या पणत्यांचा डबा काढला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेल्या, लाल मातीच्या, बिनरंगाच्या. (रंगवलेल्या, टिकल्या लावलेल्या पणत्या मी घेत नाही. टिकल्यांचा डिंक तापला की वास सुटतो.) आधी बादलीत बुडवून ठेवल्या. कोरडी पणती तेल पिते, हे नातीला सांगायची वेळ आली. नवीन घरात सगळं विजेच्या माळांवर चालतं, त्यामुळे तिला ठाऊक असायचं कारणच नाही. पाण्यात टाकल्याबरोबर पणतीतून बारीक बुडबुड्यांची रांग वर येते, ती बघत दोघं किती वेळ बादलीपाशी बसली होती.

सुताराकडून फळीचा लांब तुकडा आणला. आठ पणत्या एका ओळीत, एका उंचीवर हव्यात. कुणी वर, कुणी खाली चालत नाही. नववी मात्र वेगळी दिसायला हवी. तिला शमाश म्हणतात, म्हणजे सेवक. तिने बाकीच्या पेटवायच्या. धाकट्याने एक पणती उपडी घालून तिच्या बुडावर दुसरी बसवली. मला सुचलं नसतं इतकं सोपं. खाली शाडूची गोळी दाबून सगळ्या घट्ट केल्या. मेणबत्ती नाही, डिंक नाही, रंग नाही. दोन पणत्यांमध्ये चार बोटं अंतर, नाहीतर ज्योती एकमेकींना ओढतात.

मंगळवार, २४ डिसेंबर

आजचा दिवस भोवऱ्याचा. हनुक्कात मुलं ड्रायडेल खेळतात. तो भोवराच, पण चौकोनी, आणि त्याला जाळी गुंडाळावी लागत नाही, चिमटीत धरून फिरवायचा. चार बाजूंवर चार हिब्रू अक्षरं: नून, गिमेल, हे, शिन. 'तिथे मोठा चमत्कार घडला' या वाक्यातल्या शब्दांची ही पहिली अक्षरं. इस्रायलमध्ये शिनच्या जागी पे, कारण त्यांच्या दृष्टीने चमत्कार 'इथे' घडला.

मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. तीन-तीन सेंटिमीटरचे सहा चौकोन अधिकाच्या आकारात आखून घडी घातली. कणा म्हणून झाडूची जाड काडी. इथेच सगळी गंमत आहे. काडी बरोबर मध्यातून गेली नाही तर भोवरा फिरत नाही, नुसता लंगडतो. मी मध्य सांगितला नाही. वरच्या मजल्यावरचा मुलगा अंदाजाने भोकं पाडत बसला, भोवरा प्रत्येक वेळी एकाच अंगावर पडायचा. शेवटी नातच म्हणाली, "थांब, मी कर्ण काढतो." (कोल्हापूरची मुलगी, 'काढते' म्हणणार नाही.) कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा, जिथे कापतात तिथे भोक. भूमितीच्या तासाला कर्ण ही नुसती व्याख्या असते. आज त्याच्यावर भोवरा उभा राहिला. तळाशी चिमूटभर शाडू भरल्यावर तर चांगलाच घुमायला लागला.

अक्षरं मैत्रिणीने कागदावर लिहून फोटो पाठवले होते. धाकट्याला ती जमेनात, त्याने आपल्या भोवऱ्यावर न, ग, ह, श लिहून टाकलं. खेळ अडत नाही. न आला तर काहीच नाही, ग ला मधला सगळा ढीग, ह ला अर्धा, श आला तर आपल्याकडचा एक टाकायचा. तिकडे चॉकलेटची नाणी लावतात म्हणे. आमच्याकडे भाजलेले शेंगदाणे. भांडवल खेळता खेळता खाऊन संपत होतं, हा त्यातला एकच दोष.

बुधवार, २५ डिसेंबर

संध्याकाळी पहिला दिवा. उजव्या टोकाची एक पणती आणि शमाश. उद्या तिच्या डाव्या हाताला दुसरी, असं रोज एक वाढवत जायचं, पण पेटवताना सगळ्यात नवी आधी.

गोष्ट थोडक्यात सांगितली. अँटिओकस नावाच्या ग्रीक राजाने जेरुसलेमचं मंदिर बाटवलं. मक्काबी घराण्याने लढून ते इ. स. पू. १६४ मध्ये परत मिळवलं. दिवा लावायला शुद्ध, मोहोरबंद तेलाची एकच कुपी सापडली, एका दिवसापुरती; ती आठ दिवस पुरली. वरच्या मजल्यावरच्याने लगेच शंका काढली: वात बारीक केली असेल.

मला हे आवडलं. उद्या बघू म्हटलं.

आणखी एक नियम सांगितल्यावर मात्र एकमत झालं. हनुक्काच्या उजेडाचा कामासाठी वापर करायचा नाही, तो नुसता बघायचा. म्हणजे त्यापुढे बसून अभ्यास करता येत नाही. असा सण आपल्यात का नाही, अशी चौकशी झाली.

शुक्रवार, २७ डिसेंबर

पेपर मनमोहन सिंगांच्या निधनाच्या बातमीने भरलेला. सकाळ त्यातच गेली.

काल आणि आज मिळून वातीचा प्रयोग झाला. दोन पणत्या, दोन्हीत मोजून एकेक चमचा शेंगतेल. एकीत देवघरातली जाड फुलवात, दुसरीत नातीने मांडीवर वळलेली, दोऱ्याएवढी बारीक. जाड वातीने मोठी, काजळी धरणारी ज्योत केली आणि तेल लवकर संपवलं. बारीक वात आमची जेवणं, भांडी, सगळं उरकलं तरी चालू. आठ दिवसांचं गणित काही त्यातून सुटलं नाही, पण वात वळण्याला भाव आला. आता पोरं कापसाची बी काढून, बोटं थुंकीने ओली करून वाती वळतात. सून तोंड वाकडं करते. माझी आजी राखेचं बोट लावायची.

मैत्रिणीने तिच्या आजीच्या घरच्या शुक्रवारच्या दिव्याचं सांगितलं होतं: काचेचा ग्लास, खाली पाणी, वर खोबरेल, त्यात तरंगती वात. तो आज केला. चहाचा उभट ग्लास, तीन हिस्से पाणी, वर दोन चमचे तेल. बाटलीच्या बुचाची पातळ चकती कापून वरून फॉइल गुंडाळलं, मधल्या भोकातून वात, टोक जेमतेम गव्हाएवढं वर. उजेड पाण्यातून खाली येतो आणि अख्खा ग्लास पेटल्यासारखा दिसतो. तेल संपलं की वात पाण्याला टेकते आणि चर्र आवाज करून आपली आपण विझते. लहान मुलांच्या घरात याहून शहाणा दिवा नाही. पंचगंगेच्या घाटावर त्रिपुरारीला पुढच्या वर्षी हाच न्यायचा, असं ठरलं आहे.

शनिवार, २८ डिसेंबर

मुलांना तेलघाण्यावर नेलं. विजेवर फिरणारा, पण उखळ आणि दांडा लाकडीच. शेंगदाणे भरडत जातात, वास आधी येतो, तेल मागून. धाकट्याने पेंडेचा तुकडा तोंडात घातला आणि लगेच थुंकला.

आज शनिवार, म्हणून बेने इस्रायलांची गोष्ट इथेच सांगितली. त्यांची परंपरा अशी की पूर्वजांचं जहाज नवगावपाशी फुटलं, सात जोडपी वाचली. पुढे कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. "आणि बैल?" बैलालाही सुट्टी; धर्मग्रंथातल्या आज्ञेत जनावरंही येतात.

यातली मला सगळ्यात नवलाची वाटणारी गोष्ट मुलांना सांगितली खरी, पण ती बैलातच अडकली होती. शेकडो वर्षं तेल गाळणाऱ्या या लोकांना तेलाच्या चमत्काराचा हा सण मुळात माहीतच नव्हता. शनिवार पाळत, सुंता करत, पण हनुक्का नाही. तो बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर, फार उशिरा घरात आला. जुनी मंडळी त्यावरून तर्क करतात की पूर्वज मंदिराच्या त्या प्रसंगाआधीच निघाले असणार. तर्क खरा असो नसो, माझ्या मैत्रिणीच्या पणजीच्या घरी हा सण बहुधा नवखाच होता, आत्ता आमच्या घरी आहे तसा. नातीचं त्यामुळे समाधान झालं. तिला वाटत होतं आपण उसना सण करतोय.

सोमवार, ३० डिसेंबर

सोमवती अमावस्या. कालनिर्णय चाळताना लक्षात आलं, हनुक्का दरवर्षी अमावस्येला पोटात घेऊनच येतो. किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू, म्हणजे कृष्णपक्ष उतरणीला लागलेला. मधे काळोखी रात्र, शेवट नव्या चंद्रावर. दिवाळीचंही तेच. तेलाच्या दिव्याला चांदण्यात कोण विचारतो!

आज सहा पणत्या आणि सेवक. सणाचं तळण म्हणून बटाट्याचा किस पिळून, त्यात कांदा आणि थोडं पीठ घालून, चपट्या वड्या तळल्या. मुलांनी त्यावर तांबडी चटणी घेतली. जेरुसलेमची काही हरकत नसावी.

बुधवार, १ जानेवारी २०२५

आठवा दिवा. नातीने हिशेब मांडला: शमाशसकट आठ दिवसांत ४४ दिवे, दर दिव्याला पाच मिलिलिटर, एकूण २२० मिलिलिटर. पाव लिटरच्या आत सण. प्रकल्पाच्या वहीत हेच पहिल्या पानावर जाणार आहे. तेलाची फळी शाळेत नेता येणार नाही, तिचं चित्र काढायचं आहे. ते तिने समोर बसून काढलं. मी नियमाची आठवण करून दिली. चित्र काढणं म्हणजे बघणंच, असं उत्तर मिळालं.

सव्वाआठला अश्दोदहून व्हिडिओ कॉल. तिकडे नुकता सूर्य मावळत होता. मैत्रिणीचा नातू हिब्रूत, आमचे कोल्हापुरीत, मधे आम्ही दोघी म्हाताऱ्या दुभाषी. त्याने न-ग-ह-श चा भोवरा पाहिला आणि तो हवाच म्हणून बसला. धाकट्याने पुठ्ठ्याचा द्यायला साफ नकार दिला, पण त्याबदल्यात जाळीने फिरवायचा खरा भोवरा दाखवला. झालं, आता त्याला तो हवा. महाद्वार रोडला लोखंडी आरीचा, जड लाकडाचा बघायला हवा. अश्दोदच्या पार्सलला किती पडतात, ते उद्या पोस्टात विचारते.